खंड पडणारच, प्रश्न परतण्याचा

देहूहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळवडे लागते. ज्येष्ठाच्या उत्तरार्धात या दोन्ही गावांतून पालख्या निघतात आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढी एकादशीला पंढरपुरात पोहोचतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतले, चाकणच्या पट्ट्यातले, तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कमधले कितीतरी लोक हौसेने त्यातला एखादा टप्पा चालतात. आळंदी ते पुणे अशी एका दिवसाची आयटी दिंडीही निघते. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात, जिना उतरताना कठड्याचा आधार लागतो, पायाच्या फोडांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. आठवडाभराने दुखणे थांबते. चालणेही थांबते, ते थेट पुढच्या ज्येष्ठापर्यंत.

यात वावगे काहीच नाही. वर्षातून एक दिवस चालणारा एकही दिवस न चालणाऱ्यापेक्षा चार पावले पुढेच असतो. पण त्याच रस्त्यावर सत्तरी ओलांडलेला, साध्या चपलांतला एखादा वारकरी रोज वीस-वीस किलोमीटर चालत असतो आणि मुक्कामी पोहोचून हरिपाठाला उभा राहतो. त्याने या वारीसाठी वेगळी तयारी केलेली नसते. वर्षभर त्याचे चालणे थांबलेलेच नसते, एवढेच.

व्यायाम सुरू करणे अवघड नाही, हे तळवडे, रुपीनगर, त्रिवेणीनगर, चिखली या पट्ट्यातला कुठलाही जिमवाला सांगेल. जानेवारीत वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्यांची रीघ लागते, होळीपर्यंत ट्रेडमिल मोकळी मिळू लागते. जिमचा धंदा न येणाऱ्यांच्या पैशांवर चालतो, हा विनोद जगभर केला जातो आणि त्यात बरेच तथ्य आहे. न टिकणाऱ्या माणसाला आपण सरळ आळशी ठरवून मोकळे होतो. तोही स्वतःला तेच म्हणतो. व्यायामाच्या जाहिराती, व्हिडिओ आणि घरातले वडीलधारे सगळे त्याला इच्छाशक्तीचे धडे देतात. शास्त्राकडे पाहिले तर मात्र चित्र बरेच वेगळे आणि बरेच दिलासा देणारे दिसते.

१९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले गेले. सगळे विशीतले होते. जोर लावून काम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, हे तंदुरुस्तीचे सर्वांत भरवशाचे मोजमाप मानले जाते. त्या तीन आठवड्यांत ही क्षमता चतुर्थांशाहून जास्त घसरली. नंतरच्या आठ आठवड्यांच्या कसून केलेल्या व्यायामाने ती भरून आली. प्रयोग एवढ्यावरच संपला असता तर तो पाठ्यपुस्तकात एका ओळीत मावला असता. पण १९९६ मध्ये संशोधकांनी तेच पाच जण पुन्हा शोधून काढले. आता ते पन्नाशीत होते. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेले होते, शरीरातल्या चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही त्यांच्यापैकी एकाचीही क्षमता विशीत तीन आठवडे पडून राहिल्यावर जितकी खाली गेली होती तितकी खाली गेलेली नव्हती. तीस वर्षांच्या वयाने जे केले नाही, ते एकवीस दिवसांच्या अंथरुणाने केले होते.

पुढचा भाग आणखी महत्त्वाचा. या पन्नाशीतल्या पाच जणांना सहा महिने चालणे, हळू पळणे आणि सायकल असा हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला गेला. वयाबरोबर गेलेली क्षमता सगळी परत आली. वजन मात्र चार-पाच किलोच उतरले. पाच माणसांवरून साऱ्या मानवजातीचा नियम काढू नये, हे खरेच. शिवाय ते सगळे पुरुष होते. पण वजनकाट्यावर काही हलत नाही म्हणून व्यायाम सोडून देणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग ध्यानात ठेवायला हवा. काटा जवळपास जागच्या जागी असताना आतली क्षमता तीस वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत आली होती.

मग व्यायाम सोडल्यावर नेमके काय होते? वर्षानुवर्षे व्यायाम करणाऱ्यांनी तो एकदम थांबवला, तर पहिल्या तीन आठवड्यांत ही क्षमता सुमारे सात टक्क्यांनी घसरते आणि तीन महिन्यांत साधारण सोळा टक्क्यांपर्यंत जाते. आधी कमी होते ते रक्ताचे आकारमान. रक्तच कमी, म्हणून हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडते, म्हणून तोच जिना चढताना ठोके जास्त पडतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर दम लागतो तो यामुळे. आपण संपलो, असा त्याचा अर्थ नसतो. स्नायूंची ताकद त्या मानाने सावकाश जाते. आणि एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा कमावायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे जुन्या पैलवानांना ठाऊकच होते. स्नायूपेशी वाढताना तयार झालेली जादा केंद्रके व्यायाम सुटल्यावरही टिकून राहत असावीत, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसले आहे.

या साऱ्याच्या जोडीला एक गोष्ट आहे, जी फारच कमी सांगितली जाते. कमावण्यापेक्षा टिकवायला पुष्कळ कमी लागते. शिकागोमध्ये १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत लोकांना दहा आठवडे आठवड्याला सहा दिवस जोरकस व्यायाम करायला लावला आणि मग दिवस कमी केले. आठवड्यातून दोनच दिवस, पण जोर तोच ठेवला, तर पंधरा आठवड्यांनंतरही कमावलेली क्षमता टिकून होती. दिवस तेच ठेवून जोर कमी केला, तेव्हा मात्र ती घसरली. ताकदीच्या व्यायामाचेही असेच आहे. तरुणांना आठवड्यातले एक सत्र स्नायू टिकवायला पुरते, वय वाढेल तशी याहून थोडी जास्त गरज लागते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ज्या महिन्यात काम अंगावर कोसळते, घरी लग्न असते, कुणी दवाखान्यात असते, त्या महिन्यात व्यायाम बंद करायची गरज नसते. तो एक तृतीयांशावर आणला तरी चालते. आपल्याकडे मात्र ‘पूर्ण करेन नाहीतर करणारच नाही’ हा बाणा. तोच घात करतो.

आता तळवड्यातल्या माणसाकडे येऊ. तीन पाळ्यांत चालणारा हा पट्टा आहे. एका आठवड्यात पहाटे उठून कंपनीची बस पकडायची, दुसऱ्या आठवड्यात मध्यरात्री घरी यायचे, तिसऱ्या आठवड्यात सकाळी घरी येऊन पडदे ओढून झोपायचे. अशा माणसाला ‘रोज सकाळी सहाला उठून फिरायला जा’ हा सल्ला देणे म्हणजे त्याची थट्टाच. दर तिसऱ्या आठवड्यात सकाळी सहाला तो मशिनवर असतो. शिवाय त्याच्याकडे एक हुकमी उत्तर तयार असते: ‘आठ तास उभा असतो, माल उचलतो, अजून कसला व्यायाम?’

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. व्यायामाचे आधुनिक शास्त्र कामगारांच्या अभ्यासातूनच जन्माला आले आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. एकच नोकरी, एकच गाडी, घरची परिस्थितीही साधारण सारखी. पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, आणि झाला तरी पहिल्याच झटक्यात मरण येण्याचे प्रमाण ड्रायव्हरांच्या निम्म्याच्या आसपास होते. पुढे मॉरिस यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचे माप नोकरीला लागतानाच जास्त असल्याचे दिसले. स्वतःच्या निष्कर्षावर असा प्रश्न स्वतःच उभा करणारा संशोधक विरळा. म्हणून त्यांनी पुढची कित्येक वर्षे इतर नोकऱ्यांत आणि फावल्या वेळात काय होते ते तपासले. स्वतः व्यायाम सोडला नाही आणि वयाच्या ९९ व्या वर्षी, २००९ मध्ये ते वारले.

आपल्याकडेही १९५६ मध्ये पश्चिम बंगालच्या ताग गिरणीतल्या दोनशेहून अधिक कामगारांचा अभ्यास झाला होता. जड काम करणारे जास्त खात होते, हे अपेक्षितच. पण अगदी बसून काम करणारे हलके काम करणाऱ्यांपेक्षाही जास्त खात होते आणि त्यांचे वजनही जास्त होते. शरीर हलत राहिले तर भूक ताळ्यावर राहते. बसून राहिले तर भुकेचा हिशोबच चुकतो, असा या अभ्यासाचा बोध घेतला गेला.

म्हणजे कष्टाचे काम हाच व्यायाम, असे म्हणायचे का? इथेच अलीकडच्या संशोधनाने गाठ घातली आहे. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक लोकांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. फावल्या वेळात शरीर हलवणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि मृत्यूचे प्रमाण कमी होते; कामावर जास्त शारीरिक कष्ट करणाऱ्यांमध्ये उलट ते जास्त होते. संशोधक यामागची कारणे अशी मांडतात: कामावरचे कष्ट तासन्‌तास एकाच संथ गतीचे असतात, हृदयाला जोर लागेल इतके ते जोरकस नसतात, पण रक्तदाब दिवसभर चढलेला ठेवण्याइतके असतात. वजन उचलायचे ते एकाच बाजूने, एकाच सांध्यावर. थांबायचे कधी, हे कामगाराच्या हातात नसते. लाइन थांबली की तो थांबणार. आणि दुसऱ्या दिवशी शरीर भरून निघायच्या आत पुन्हा तेच. व्यायामात नेमके उलटे असते. थोडा वेळ, जोर लावून, मग विश्रांती. त्यामुळे असेंब्ली लाइनवर आठ तास उभा राहिलेला ऑपरेटर दमतो जरूर, पण त्याचे हृदय त्याने मजबूत होतेच असे नाही. त्याच रस्त्यावर सॉफ्टवेअर पार्कमध्ये नऊ तास खुर्चीत बसलेला इंजिनिअर आणि तो ऑपरेटर, दोघांनाही व्यायामाची गरज आहे. फरक इतकाच, की ऑपरेटरला विश्रांतीचीही गरज आहे आणि त्याच्या वाट्याला ती कमी येते.

त्यातून पुणेकरांचे म्हणून एक वेगळे दुखणे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटेखानी टिपण छापले. दोघांचा फोटो शेजारी शेजारी, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के. बारीक दिसणारा पण आतून चरबी बाळगणारा भारतीय, ही कल्पना यातून जगभर पोहोचली. पुण्याच्या आसपासच्या गावांत गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास १९९३ पासून सुरू आहे, त्यात तर हा साचा नवजात बाळातही दिसला: वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकवलेली. चाकणच्या कारखान्यांत कामाला येणारा तरुण अशाच गावांतून आलेला असतो. तो स्वतःला बारीक समजतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर वाढलेली निघाली की त्याचा विश्वास बसत नाही. ‘माझं तर वजनच नाही’, हे वाक्य या भागातल्या डॉक्टरांना पाठ असेल.

अशा शरीराला वजन घटवण्यापेक्षा स्नायू कमावण्याची गरज जास्त असते. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. आकुंचन पावणारा स्नायू साखर आत ओढून घ्यायला इन्सुलिनची वाट पाहत नाही, त्याची दारे हालचालीने आपोआप उघडतात. एकदा चांगला व्यायाम झाला की हा गुण एक-दोन दिवस राहतो आणि मग ओसरतो. म्हणूनच मधुमेह्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, असा सल्ला दिला जातो. आठवडाभर काही न करता रविवारी डोंगर चढणाऱ्याला डोंगराचा फायदा होतोच. पण गुरुवारच्या साखरेवर रविवारचा डोंगर फारसे काही करू शकत नाही.

आजी-आजोबांची शतपावली या हिशोबात चपखल बसते. अमेरिकेत २०१३ मध्ये साखर वाढण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या साठी ओलांडलेल्या काही लोकांवर प्रयोग झाला. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालणे हे एकदम पंचेचाळीस मिनिटे चालण्याइतकेच उपयोगी ठरले, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरण्यात तर वरचढ. प्रयोग लहान होता, पण शतपावलीचा खर्चही काही मोठा नाही. जेवण झाल्यावर टीव्हीसमोर बसण्याऐवजी इमारतीभोवती पाच फेऱ्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा त्याच्या निम्मा वेळ जोरकस व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला. याच संघटनेच्या तज्ज्ञांसह २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नाहीत. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. दोन दशकांत आळस दुपटीहून जास्त वाढला, असे कुणी म्हणू शकेल. पण या दोन दशकांत काय बदलले ते तळवड्याने डोळ्यांनी पाहिले आहे. १९९७ मध्ये हे गाव महापालिकेत आले. शेतावर जाणारी पायवाट गेली, कंपन्या आल्या, सायकलची जागा मोटारसायकलने घेतली. दहा हजार पावलांचा आकडाही काही पवित्र नाही. तो १९६५ च्या सुमारास एका जपानी पावलेमापक यंत्राच्या नावातून आला. साठीच्या आतल्यांना आठ-दहा हजार आणि त्यापुढच्यांना सहा-आठ हजार पावलांनंतर फायदा फारसा वाढत नाही, असे नंतरच्या अभ्यासांत दिसते. पण ती पावले टाकायची कुठे? तळवडे-चाकण रस्त्यावर कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि दुचाक्यांच्या गर्दीतून वाट काढत?

सवय जडते कशी, यावरचे संशोधन पाळीत काम करणाऱ्याला खास उपयोगी आहे. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला अठराच दिवस पुरले, कुणाला अडीचशेहून जास्त लागतील असा अंदाज निघाला. ‘एकवीस दिवसांत सवय’ म्हणून जे विकले जाते त्याला या आकड्यांत आधार नाही. दोन गोष्टी त्यात ठळक होत्या. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर फारसा परिणाम झाला नाही. आणि सवय बांधली गेली ती एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला, जसे न्याहारीनंतर किंवा जेवणाआधी.

पाळी दर आठवड्याला बदलणाऱ्याने घड्याळाचा नाद सोडावा तो यासाठी. घड्याळ फिरते, पण कामावरून घरी येणे, अंघोळ, जेवण आणि झोप या गोष्टी प्रत्येक पाळीत असतातच. अंघोळीला जाण्याआधी बैठका आणि जोर, हा नेम पहिल्या पाळीत दुपारी पडेल, दुसऱ्या पाळीत सकाळी आणि रात्रपाळीच्या आठवड्यात झोपून उठल्यावर संध्याकाळी. वेळ बदलली तरी क्रम तोच. रात्रपाळी करून आल्या आल्या मात्र पळायला जाऊ नये, आधी झोप. जागरणाने थकलेल्या शरीरावर जोरकस व्यायाम लादला तर लाभ कमी आणि दुखापत जास्त. ज्या आठवड्यात झोपच पाच तासांवर येते, त्या आठवड्यात वीस मिनिटांचे चालणे आणि दोन दिवस बैठका एवढ्यावर समाधान मानावे. शिकागोच्या प्रयोगाने तेवढी सूट दिलेली आहे.

यासाठी लागणारे सामान या मातीतच आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, १९२८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि संस्थानातल्या शाळांत तो लागू केला. त्यांचे सगळेच दावे आजच्या कसोटीवर उतरणार नाहीत. पण चटईएवढ्या जागेत, बिनखर्चात, ताकद आणि दमसास दोन्ही एकदम मागणारा व्यायाम निवडण्यात त्यांची नजर पक्की होती. गावोगावच्या तालमींतले जोर-बैठकाही तसेच. तालमीने एक धोक्याचा धडाही दिला आहे. कुस्ती सोडलेला पैलवान चाळिशीत गुडघे धरून बसलेला दिसतो, कारण तालीम सुटते, खुराक सुटत नाही. दूध, तूप, बदाम तसेच आणि बैठका शून्य. कॉलेजात कबड्डी खेळलेल्या, भरतीसाठी सोळाशे मीटर पळालेल्या आणि मग कंपनीत चिकटलेल्या तरुणांचेही हेच होते. ते स्वतःला मनाने अजून खेळाडूच समजतात, जेवणही खेळाडूचे ठेवतात.

आता उशीर झाला, असे म्हणण्याचीही सोय शास्त्राने ठेवलेली नाही. १९९० मध्ये बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धांना आठ आठवडे मांड्यांच्या ताकदीचा व्यायाम दिला गेला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, काहींचा चालण्याचा वेग सुधारला. अर्थात छातीत दाटणे, थोड्या श्रमाने धाप, चक्कर किंवा जुना हृदयविकार असेल तर सुरुवात डॉक्टरला विचारूनच व्हावी. चाळिशीनंतर साखर आणि रक्तदाब माहीत नसताना एकदम मॅरेथॉनला नाव देणे हे शौर्य नव्हे.

बायकांचा विचार केल्याशिवाय हे सारे अर्धवट राहते. अपुरी हालचाल करणाऱ्यांत पुरुष सुमारे ४२ टक्के आणि स्त्रिया ५७ टक्के. कंपनीत पॅकिंगला, कँटीनला किंवा डेस्कवर आठ तास आणि घरी आल्यावर दुसरी पाळी. तिलाही ‘घरकाम हाच व्यायाम’ असे ऐकवले जाते आणि डेन्मार्कचा निष्कर्ष तिच्या पोळपाट-लाटण्यालाही बऱ्याच अंशी लागू पडावा. तिच्याकडे इच्छाशक्ती कमी नसते, अर्धा तास कमी असतो. तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी भाजी चिरून, मुलांचा अभ्यास घेऊन दिल्याशिवाय येत नाही. महापालिकेच्या उद्यानांत ओपन जिम बसवल्या आहेत, ते चांगलेच; पण संध्याकाळी सातनंतर त्या उद्यानात आणि तिथवर जाणाऱ्या रस्त्यावर दिवे असतील तरच त्या तिच्या कामाच्या.

आणि कंपन्या? ‘वेलनेस डे’ साजरा होतो, टी-शर्ट वाटले जातात, सकाळी पाच किलोमीटरची दौड होते, फोटो छापून येतात. त्यातल्या निम्म्या खर्चात पाळीचा तक्ता महिनाभर आधी लावता येईल, पाळी आठवड्याऐवजी कामगारांना विचारून ठरवलेल्या टप्प्याने बदलता येईल, कँटीनमधला एक तळलेला पदार्थ कमी करून मोड आलेली उसळ वाढवता येईल. वार्षिक तपासणीचा कागद फायलीत न जाता कामगाराला समजावून सांगता येईल. हे फोटोत दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. कामगाराची संमती हवी, जादा कामाचा मोबदला मिळेल, असे त्यात आहे. पण बारा तास काम, दोन तास येणे-जाणे आणि सात तास झोप वजा केली की दिवसाचे तीन तास उरतात. अंघोळ, जेवण, मुले, बाजार आणि व्यायाम त्यात बसवायचे. अशा दिवसाच्या माणसाला तंदुरुस्तीचे व्याख्यान देण्याआधी त्याला तास परत द्यायला हवेत. उत्पादकतेचा विचार करणाऱ्यांनी मधुमेही होऊ घातलेल्या तिशीतल्या कामगाराचा खर्चही त्याच कागदावर मांडावा.

या पट्ट्यात चालायला जागाच नाही, असेही नाही. निगडीची दुर्गा टेकडी आहे, थोडे पुढे घोरावडेश्वर, देहूजवळ भंडारा डोंगर, चाकणच्या बाजूला भामचंद्र. सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी असते. अडचण आहे ती मंगळवारची, घरापासून पाचशे मीटरच्या आतली. सलग फुटपाथ, ज्यावर दुचाकी उभी नाही आणि ज्याच्या मध्ये डीपी बॉक्स नाही, असा एक किलोमीटर तळवड्याच्या प्रत्येक वस्तीला मिळाला, तर ती सर्वांत स्वस्त आरोग्य योजना ठरेल. इंद्रायणीच्या काठाने फेसाचा वास न घेता चालता येईल, ही अपेक्षा तूर्त बाजूला ठेवली तरी.

पंढरपूरहून पालख्या परतही येतात, पायीच. जाताना लाखोंचा समुदाय असतो. परतीला मोजकेच लोक. बाकीचे एसटीने, रेल्वेने घरी पोहोचलेले असतात. परतीच्या वाटेवर स्वागताच्या कमानी नसतात, फराळाचे स्टॉल नसतात, पाऊस मात्र जाताना होता त्याहून जास्त असतो. व्यायाम सोडून दीड-दोन महिने झालेल्या माणसाची पहिली संध्याकाळ काहीशी अशीच असते. पूर्वी चाळीस बैठका मारत असाल तर त्या दिवशी वीसच माराव्यात, आणि दुसऱ्या दिवशीही वीसच. पाय दुखले तर तिसरा दिवस नुसते चालण्याचा. रक्ताचे आकारमान पहिल्या दोन आठवड्यांतच भरून यायला लागते, धाप त्याबरोबर कमी होते. साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा चाळीस. तोवर पाळी एकदा सगळी फिरून आलेली असेल.